पावणेतीन तासांची रांग: ती कुठे अडली आणि पुढच्या वेळी काय करता येईल

तुमचा प्रश्न वाचून वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. मतदानासाठी पावणेतीन तास ताटकळत उभं राहिलात. त्याच इमारतीत शेजारच्या खोलीपुढे मात्र चिटपाखरू नव्हतं. वडिलांचे पाय भरून आले आणि ते मत न देताच घरी परतले. आतली माणसं कामचुकार होती का, आणि पुढच्या निवडणुकीआधी साध्या मतदाराला यात काही करता येतं का, असं तुम्ही विचारलंय. मतदान केंद्रावर मी बरीच वर्षं काम केलंय. यादीच्या टेबलापासून केंद्रप्रमुखाच्या खुर्चीपर्यंत सगळीकडे बसून झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आतली माणसं बहुधा कामचुकार नव्हती. ती अंधार असतानाच घराबाहेर पडलेली असतात, आणि रांग लांबली की सगळ्यात जास्त बोलणी तीच खातात. तुमची रांग त्या दिवशी सकाळी तयार झालीच नाही. कुठल्या खोलीला किती मतदार जोडायचे, तिथे टेबलं किती, माणसं किती हे कार्यालयात ठरलं, तेव्हाच ती ठरून गेली होती.

आधी रांग नेमकी कुठे अडते ते पाहू. बाहेर उभ्या माणसाला वाटतं की आत लोक मत द्यायला वेळ लावताहेत. बहुतेक वेळा तसं नसतं. मतदार आत येतो, ओळखपत्र दाखवतो, यादीत त्याचं नाव सापडतं, सही होते, मतपत्रिका मिळते किंवा यंत्र खुलं होतं, मग तो आडोशाला जाऊन मत देतो. या साखळीतलं जे काम सगळ्यात हळू चालतं त्याच्याच वेगाने अख्खी रांग सरकते. बाकीची टेबलं कितीही चपळ असली तरी काही फरक पडत नाही. भारतातलं मतदान यंत्र मिनिटाला जास्तीत जास्त चार मतं नोंदवतं, आणि मतदानाची पडताळणी चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. म्हणजे यंत्रापाशी रांग तुंबायचं फारसं कारण नाही. ती तुंबते यादीपाशी. उलट बर्लिनमध्ये 2021 साली मत देण्याचे आडोसेच कमी पडले, कारण एकेका मतदाराच्या हातात पाच-पाच मतपत्रिका होत्या. तेव्हा 'गेल्या वेळी एवढं पुरलं होतं' या हिशेबाला अर्थ नाही. या वेळी कुठलं काम सगळ्यात हळू चालणार आहे, हे दर निवडणुकीला घड्याळ लावून बघावं लागतं.

आता आकडेमोड करू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. समजा, एका खोलीत दिवसभरात 1000 लोक मत देणार आहेत आणि मतदान 11 तास चालणार आहे. म्हणजे 660 मिनिटं. कागदावर हिशेब छान बसतो: माणशी जवळजवळ 40 सेकंद मिळतात, आणि यादीच्या टेबलाला लागतातही तेवढेच. नियोजन करणारा इथे थांबतो आणि पुढच्या केंद्राकडे वळतो. पण लोक काही दर 40 सेकंदांनी एक असे येत नाहीत. कामावर जायच्या आधी मत देऊन टाकू म्हणून पहिल्याच तासात 200 जण येतात. 40 सेकंदांच्या टेबलावरून तासात 90 जण पुढे जातात. तास संपताना 110 जण बाहेर उभे असतात, आणि त्यांतल्या शेवटच्याचा नंबर यायला सव्वा तास लागतो. दुसऱ्या तासात आणखी 150 आले की बाहेर 170 होतात, म्हणजे जवळजवळ दोन तास. तुम्ही नऊच्या सुमारास पोहोचलात असं लिहिलंय. तुम्ही नेमक्या याच शेपटाला येऊन लागलात.

आता तिथेच यादीचं दुसरं टेबल टाका. तासाला 180 जण पुढे जातील. पहिल्या तासाअखेर बाहेर फक्त 20 उरतील, आणि शेवटच्या माणसाला सात मिनिटांपेक्षा कमी थांबावं लागेल. एक टेबल, एक-दोन माणसं आणि यादीची आणखी एक प्रत. सव्वा तास आणि सात मिनिटं यांच्यात एवढंच अंतर आहे. मी हा हिशेब नव्या लोकांना दरवेळी फळ्यावर मांडून दाखवतो, आणि दरवेळी कुणीतरी म्हणतं की एका टेबलाने एवढा फरक पडणं शक्य नाही. पडतो.

याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये किती तारा पुरतील हा प्रश्न कोपनहेगनच्या एर्लांग या गणितज्ञाने सोडवायला घेतला, आणि 1909 मध्ये त्याचा पहिला निबंध आला. रांगांचं शास्त्र तिथून सुरू झालं. ते सांगतं की टेबल जसजसं पूर्ण वेळ गुंतलेलं राहू लागतं, तसतसं थांबणं सरळ रेषेत वाढत नाही, एकदम उसळतं. लोक आपापल्या सवडीने येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमी-जास्त असेल, तर साध्या सूत्राप्रमाणे टेबल 80 टक्के गुंतलेलं असताना सरासरी थांबणं एका माणसाच्या कामाच्या चौपट असतं. 90 टक्क्यांना नऊपट होतं आणि 95 टक्क्यांना एकोणीसपट. म्हणून 'कर्मचारी थोडा वेळ रिकामे बसलेले दिसतात, एक माणूस कमी करा' ही बचत फार महागात पडते. मतदान केंद्रावर थोडी रिकामी खुर्ची दिसलीच पाहिजे.

दुसरं कारण कागदावर कधीच दिसत नाही, ते म्हणजे अडलेला मतदार. माझ्याच खोलीतला एक प्रसंग सांगतो. सकाळची गर्दी ऐन भरात होती. एक गृहस्थ आत आले, ओळखपत्र बरोबर, पण यादीत नाव नाही. माझी सहकारी पट्टी धरून एकेक ओळ खाली सरकत होती. आडनावाचं स्पेलिंग वेगळं असेल म्हणून तिने आधीचं पान पाहिलं, मग नंतरचं. ते गृहस्थ टेबलावर वाकून स्वतःच यादी वाचू लागले. 'मी गेल्या वेळी इथेच मत दिलंय' असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि त्यात काहीच खोटं नव्हतं. शेवटी कळलं की त्यांचं नाव वरच्या मजल्यावरच्या खोलीला जोडलं गेलंय. या सगळ्यात अकरा मिनिटं गेली. तेवढ्या वेळात सोळा माणसं मत देऊन गेली असती. बाहेरच्या प्रत्येकाच्या थांबण्यात अकरा मिनिटं वाढली, आणि त्यांना वाटलं की आत कुणी चहा पीत बसलंय.

त्या दिवसानंतर मी दोन गोष्टी कधीच सोडल्या नाहीत. एक, ज्याचं काही अडलं त्याला लगेच बाजूच्या वेगळ्या टेबलावर न्यायचं. मुख्य टेबलापुढे वाद, शोधाशोध, फोन काहीही नाही. दोन, यादी घेतलेला एक माणूस रांगेच्या तोंडाशी न ठेवता शेपटाशी ठेवायचा. येणाऱ्याचं नाव, खोली आणि अनुक्रमांक तो तिथेच पाहून चिठ्ठीवर लिहून देतो. चुकीच्या रांगेतला माणूस दोन तासांनी कळायच्या ऐवजी दोन मिनिटांत कळतो. आणि टेबलावर अनुक्रमांक हातात आला की पानं उलटावी लागत नाहीत, थेट ओळीवर बोट जातं. माझ्या अनुभवात याहून स्वस्त आणि याहून गुणकारी उपाय नाही. जादा माणसाची मागणी मात्र कार्यालयाने तीनदा नाकारली होती. चौथ्यांदा मी वरचा हिशेब लिहून जोडला तेव्हा माणूस मिळाला.

शेजारची खोली रिकामी का होती? कारण प्रत्येक खोलीची यादी वेगळी असते. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे तुमचं नाव नव्हतं, म्हणून मनात असूनही ते तुम्हाला घेऊ शकत नव्हते. एका खोलीला 1400 मतदार आणि भिंतीपलीकडे 600, अशी वाटणी वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. वस्ती वाढते, इमारती उभ्या राहतात, याद्यांच्या हद्दी मात्र कुणी हलवत नाही. भारतात एका केंद्राला 1500 मतदारांची मर्यादा होती, ती 2025 मध्ये 1200 वर आणायला सुरुवात झाली. याद्या संगणकावर असतील तर कुठलंही टेबल कुठल्याही मतदाराला घेऊ शकतं, आणि तेच उत्तम. पण मग कागदी यादी हाताशी हवीच. लॉस एंजेलिसमध्ये मार्च 2020 ला याद्यांची उपकरणं एकमेकांशी जुळवून घेताना अडकली आणि तासन् तास रांगा लागल्या.

हे फक्त तुमच्याकडे होतं असं समजू नका. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या मॅरिकोपा काउंटीत 2012 साली 200 मतदान केंद्रं होती. मार्च 2016 च्या प्राथमिक निवडणुकीला, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाला, ती 60 वर आणली. बरेचसे लोक टपालाने मत देतील आणि कुठल्याच पक्षात नोंद नसलेल्यांना या निवडणुकीत मतच नाही, असा हिशेब होता. पण ते नोंद नसलेले लोकही आले. त्यांना समजावून सांगण्यात, तात्पुरत्या (मतदाराचा हक्क नंतर तपासून मोजायच्या) मतपत्रिका भरण्यात वेळ गेला, म्हणजे पुन्हा तोच अडलेला मतदार. काही जण पाच-पाच तास उभे राहिले, शेवटची मतं मध्यरात्र उलटल्यावर पडली. मिलवॉकी शहरात एप्रिल 2020 मध्ये, साथीच्या दिवसांत काम करायला माणसंच मिळाली नाहीत, आणि एरवीच्या 180 केंद्रांऐवजी फक्त पाच उघडली.

बर्लिनचं उदाहरण मी नियोजन करणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. 26 सप्टेंबर 2021 ला तिथे संसदेची, राज्याची आणि जिल्ह्यांची निवडणूक, शिवाय एक सार्वमत, असं सगळं एकाच दिवशी ठेवलं. त्याच दिवशी शहरातून मॅरेथॉन होती. मतपत्रिका संपल्या, काही ठिकाणी भलत्याच भागाच्या मतपत्रिका पोहोचल्या, आणि बंद रस्त्यांमुळे नव्या पोहोचवणं अवघड झालं. सहाची वेळ उलटून गेल्यावरही मतदान चालू राहिलं. पुढच्या वर्षी, नोव्हेंबरमध्ये राज्याच्या घटना न्यायालयाने राज्याची निवडणूक रद्द केली आणि 12 फेब्रुवारी 2023 ला ती पूर्ण नव्याने घ्यावी लागली. रांग ही गैरसोय आहे, त्यात काय एवढं, असं म्हणणाऱ्यांनी तो निकाल लक्षात ठेवावा. लोकांना मत देता येईल अशी तयारी नसेल तर निवडणूकच टिकत नाही.

ब्रिटनमध्ये 6 मे 2010 ला रात्री दहाच्या ठोक्याला 27 केंद्रांवर निदान 1200 लोक रांगेत असूनही मताविना परत गेले. तेव्हाच्या कायद्यात रांगेतल्यांसाठी सोयच नव्हती. ती 2013 च्या कायद्याने झाली. भारतात ही सोय फार चांगल्या रीतीने केलेली आहे. वेळ संपताना रांगेत असलेल्यांना केंद्राध्यक्षाच्या सहीच्या क्रमांकित चिठ्ठ्या दिल्या जातात, आणि त्या वाटायला सुरुवात शेवटच्या माणसापासून होते. त्यामुळे मागाहून येऊन कुणी घुसू शकत नाही. वेळेत रांगेत लागला असाल तर घड्याळाकडे पाहून घरी जाऊ नका, तुमच्याकडचा नियम आधी विचारून ठेवा.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. 'फार गैरसोय झाली' एवढंच लिहिलेली तक्रार फायलीत जाते. आकडे लिहिलेल्या तक्रारीला उत्तर द्यावं लागतं. तुमच्या खोलीला किती मतदार जोडलेत, शेजारच्या खोलीला किती, यादीची टेबलं किती होती आणि तासागणिक किती मतं पडली, हे लेखी विचारा. तासा-दोन तासांचे आकडे बहुतेक ठिकाणी नोंदलेले असतात. मग मागणी तीनच गोष्टींची करा: दोन्ही खोल्यांत मतदारांची समान वाटणी, सकाळच्या पहिल्या तीन तासांसाठी यादीचं दुसरं टेबल, आणि अडलेल्या मतदारांसाठी वेगळी जागा. मोजमाप काय धरायचं असं विचारलं तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी निवडणुकांच्या कारभारासाठी नेमलेल्या आयोगाने जानेवारी 2014 मध्ये सुचवलेली मर्यादा सांगा: कुठल्याही मतदाराला अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबावं लागू नये. हे सगळं केंद्रांच्या याद्या ठरायच्या आधी द्यायला हवं. मतदानाच्या आदल्या आठवड्यात कुणाच्याच हातात काही उरत नाही.

वडिलांसाठी एक गोष्ट. वयस्कर, अपंग, गरोदर मतदारांना आधी सोडण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी असते, पण आत बसलेल्याला बाहेरचा माणूस दिसतच नाही. दारावरच्या कर्मचाऱ्याला जाऊन सांगा, आणि रांगेतल्या लोकांनाही सांगा. मी तरी अजून कुठली रांग नाही म्हणालेली पाहिलेली नाही.

तक्रार याच आठवड्यात लिहा, आठवण ताजी आहे तोवर. किती वाजता रांगेत लागलात, पुढे साधारण किती माणसं होती, दारापाशी कधी पोहोचलात, मत कधी दिलंत. आणि वडील किती वाजता परत फिरले, तेव्हा त्यांच्या पुढे किती जण उरले होते, तेही त्यात लिहा.