पेंढ्याच्या गासड्यांचे गादीवाफे मे महिन्यात नव्हे, दिवाळीनंतर मांडावेत

नमस्कार. नेरूळच्या आपल्या बैठ्या घरामागे १२ बाय १५ फुटांची जागा आहे, तिच्यात मुरूम आणि राडारोडा भरलेला असल्याने कुदळ चालत नाही, म्हणून पेंढ्याच्या गासड्यांवर, म्हणजे दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांवर, कुटुंबापुरती भाजी घ्यावी का, त्या पावसाआधी मे महिन्यातच मांडाव्यात का आणि दोन-तीन गासड्या गच्चीवर चालतील का, असे आपण विचारले आहे. गासड्या जरूर वापराव्यात. मात्र त्या मे महिन्यात मांडू नयेत आणि त्यांना कायमचा वाफा समजू नये. एका हंगामात भाजी देऊन पुढच्या पावसाळ्यात स्वतः माती होणे, हेच त्यांचे खरे काम आहे.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पाण्यात गासडीला दिलेले नत्र (नायट्रोजन) मुरण्याआधीच वाहून जाते, आतली हवा संपते आणि रोपांची मुळे कुजतात. शिवाय नवा पेंढा मिळतो तो कर्जत, मुरबाड, शहापूर भागातील भातकापणी उरकल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्यामुळे दिवाळी झाली की गासड्या मांडाव्यात, मेपर्यंत त्यांच्यावर पीक घ्यावे आणि जूनमध्ये त्या पावसाच्या हवाली कराव्यात. दिवाळीआधी पेंढा आणलाच, तर तो फटाक्यांपासून दूर, झाकून ठेवावा.

यंदाचा पावसाळा मोकळा घालवण्याचे कारण नाही. पहिल्या पावसात मुरमावर बोटभर खत-माती पसरून धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरावे. खाडीकाठच्या भरावात बहुधा आढळणारा खारटपणा आणि साचणारे पाणी, दोन्ही धैंचा सोसतो. सहा-सात आठवड्यांनी, फुलावर येण्याआधी, तो कापून तिथेच आडवा पाडावा.

खरेदी करताना एक गोष्ट तपासावी. तबेल्यांना पुरवल्या जाणाऱ्या दाबलेल्या गासड्या पुष्कळदा वाळलेल्या गवताच्या असतात, आणि गवताचे बी त्यांच्यात असतेच. पाणी मिळताच सगळा वाफा तणाने भरतो. आपल्याला झोडपलेल्या भाताचा पेंढा हवा. तो बहुधा सुट्या भाऱ्यांत मिळतो, म्हणून ३ फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच असा फळ्यांचा खोका करून त्यात पेंढा पायाने तुडवावा आणि काथ्याने दोन ठिकाणी घट्ट बांधावा. सुतळी वापरू नये, ती हंगामाच्या मध्येच कुजते आणि गासडी फुटते. चांगली तुडवलेली अशी गासडी सुमारे १५ किलो भरते. मांडताना काड्यांची कापलेली टोके वर आणि दोऱ्या बाजूंना ठेवाव्यात, म्हणजे पाणी व मुळे आत सहज उतरतात.

आता मुख्य भाग, म्हणजे गासडी लागवडीसाठी तयार करणे. बहुतेकांची रोपे पिवळी पडतात ती या टप्प्यावरील घाईमुळे. १५ किलो पेंढ्यात साधारण ६ किलो कर्ब (कार्बन) आणि अवघे ९० ग्रॅम नत्र असते, म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर ६५ च्या पुढे जाते. पेंढा कुजवणारे जिवाणू हे थोडे नत्र आधी स्वतःसाठी घेतात आणि रोपाला काही उरत नाही. हे गुणोत्तर ३० वर आणायचे, तर आणखी सुमारे ११० ग्रॅम नत्र द्यावे लागते. शेंगदाणा पेंडीत साधारण ७ टक्के नत्र असते, त्या हिशेबाने एका गासडीला दीड किलो पेंड लागते. जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेले द्रावण, अवश्य शिंपडावे, कारण त्यातून जिवाणू मिळतात. पण त्यातील नत्र फार थोडे असल्याने केवळ त्याच्या भरवशावर राहू नये. एरंडीची पेंड घरात कुत्रा किंवा लहान मूल असल्यास मुळीच आणू नये, ती पोटात गेली तर विषारी ठरते.

भाताच्या काडीवर मेणचट थर असतो आणि तिच्यात सिलिकाही भरपूर असते, त्यामुळे ती सहजासहजी भिजत नाही. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सावकाश पाणी द्यावे. त्यानंतर पेंडीचा चुरा चार-पाच हप्त्यांत, एक दिवसाआड, वरून पसरून पाण्याने आत उतरवावा. गासडी आतून तापते, ५० अंशांच्याही वर जाते. दोन ते तीन आठवड्यांनी आत हात घातल्यावर ती कोमट लागली, की रोपे लावावीत. या काळात अळंबीच्या काळ्या छत्र्या उगवल्या तर घाबरू नये, त्या कुजण्याचीच खूण आहेत. मात्र त्या खाऊ नयेत.

टोमॅटो, वांगी, मिरची, काकडी आणि घेवडा गासडीवर उत्तम येतात. प्रत्येक रोपासाठी ओंजळभर कंपोस्टचा खळगा करावा. वर दोन इंच कंपोस्ट पसरले, तर मेथी आणि पालकही होतात. मुळा-गाजर येथे लावू नये. टोमॅटोचे बांबू गासडीत न खोचता दोन्ही टोकांना जमिनीत पक्के रोवावेत, कारण मार्चपर्यंत गासडी बरीच खचलेली असते.

आपल्या शहरात घुशींचा उपद्रव मोठा आहे, म्हणून गासड्यांखाली अर्ध्या इंचाची वेल्ड मेश जाळी अंथरावी. हा खर्च टाळू नये. वाळवी लागू नये म्हणून घराच्या भिंतीपासून दोन फूट अंतर सोडावे आणि गासडी कोरडी पडू देऊ नये. पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकन गोगलगायी पेंढ्याखाली दडतात. त्या रात्री हातमोजे घालून वेचाव्यात, उघड्या हाताने उचलू नयेत.

जूनमध्ये काथ्या कापून, जाळी काढून, अर्धवट कुजलेला पेंढा सगळ्या जागेवर पसरावा, त्यावर थोडी माती टाकून लाल माठ, शिराळे आणि पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात अळू लावावे. दरवर्षी हेच केले, तर मुरमावर मातीचा थर वाढत जातो आणि गासड्यांची गरज घटते. पर्माकल्चरमध्ये, म्हणजे निसर्गाच्या रीतीने टिकाऊ शेती-बाग उभारण्याच्या पद्धतीत, मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

गच्चीबाबत मात्र माझा स्पष्ट नकार आहे. भिजलेली गासडी ६० किलोंच्या पुढे जाते आणि ती जेमतेम ०.४ चौरस मीटर जागेवर बसते, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार पडतो. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकानुसार साधारण तेवढाच भार धरलेला असतो, त्यात माणसे आणि इतर सामानही आले. शिवाय सतत ओल राहून वॉटरप्रूफिंग खराब होते. गच्चीवर हलक्या क्रेटमध्ये कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) घालून रोपे तयार करावीत आणि ती खालच्या गासड्यांवर लावावीत.