एकसमान वेग मोजायला एकच रीडिंग पुरतं का?

तुम्ही विचारलंय, मुलगा नववीत आहे, बॅटरीवरची गाडी फरशीवर सोडली, दोन मीटरला लागलेला वेळ मोजून भागाकार केला, तर एकसमान वेग मोजून झाला का? नाही झाला. तो सरासरी वेग. नाशिकात द्वारका ते बिटको चौक बसला लागलेला वेळ मोजलात तरी सरासरी वेग निघतो, पण बस मधल्या उपनगर स्टॉपला किती वेळ थांबली ते त्या एका आकड्यात दिसत नाही. वेग सगळीकडे सारखा होता हे दाखवायचं तर मधल्या खुणांवर वेळ घ्यावीच लागते.

मी नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात 26 वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. हा प्रयोग आम्ही गाडीवर नाही, बुडबुड्यावर करायचो. काचेची नळी फुटली तेव्हा मी रविवार कारंजावरून गवंड्यांची लेव्हलची पारदर्शक नळी आणली, लाकडी पट्टीवर ताठ बांधली, गोडं तेल भरलं, हरभऱ्याएवढी हवा ठेवून दोन्ही तोंडं बुचानं बंद केली. पट्टी थोडी तिरकी धरली की बुडबुडा संथ वर सरकतो. सुरुवातीचे 20 सेंमी सोडायचे, तेवढ्यात तो आपल्या चालीला लागतो. पुढे दर 10 सेंमीला खूण. घड्याळ मध्ये थांबवायचं नाही, प्रत्येक खुणेला नुसतं लॅपचं बटण दाबत जायचं, म्हणजे घड्याळ चालू राहून तेवढी वेळ नोंदली जाते.

अकरावीच्या एका मुलीची रीडिंगं मला अजून पाठ आहेत: 2.4, 4.9, 7.2, 9.7, 12.1, 14.6, 17.0 सेकंद. वजाबाकी केली की 2.4, 2.5, 2.3, 2.5, 2.4, 2.5, 2.4. अंतर 70 सेंमी, म्हणजे वेग सेकंदाला साधारण 4.1 सेंमी. इतकं स्वच्छ काम मी क्वचितच पाहिलंय. सरांनी वही बघितली आणि म्हणाले, "एकसमान वेग आहे ना? मग वेळ वेगवेगळी कशी? सगळीकडे 2.4 कर." तिनं माझ्याकडे पाहिलं, "काका, खोडू?" सरांच्या समोर मी बोललो नाही. तिनं खोडलं. बेरीज 17.0 ची 16.8 झाली. घड्याळानं दाखवलेला आकडा वहीतून गेला.

तेव्हा बोलायला हवं होतं ते आता सांगतो. बुडबुडा खुणेवर येतो आणि बोट दाबलं जातं, यात साधारण 0.2 सेकंद जातात. हा उशीर दर वेळी अगदी तेवढाच असता तर वजाबाकीत निघून गेला असता. तो किंचित कमीजास्त होतो, म्हणून 2.3 आणि 2.5 येतात. बघायचं ते हे, की आकडे मागेपुढे होतायत की एकाच दिशेनं सरकतायत. 2.8, 2.6, 2.4, 2.2 असे आले असते तर वेग वाढतोय म्हणायचं. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर अंतर घेऊन आलेख काढा: बिंदू सरळ रेषेच्या दोन्ही बाजूंना थोडे थोडे पडतील, आणि रेषेचा चढ हाच वेग. सातही आकडे तंतोतंत सारखे असतील तर मला पहिली शंका येते की रीडिंग बसवलेलं आहे. मुलाला हे आत्ताच सांगा, बारावीच्या प्रॅक्टिकलची वाट बघू नका.

गाडीवरही होईल. फरशीच्या जोडांवर खडूनं खुणा करा, मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि नंतर सावकाश वेळ वाचा. भिंगरीची, म्हणजे जमिनीवर घासून सोडायची गाडी घेऊ नका, ती हळू होत जाते. बॅटरीचीही सुरुवातीची फरशी सोडून द्या.

तेल वापरलंत तर एकाच बैठकीत संपवा. डिसेंबरात आमच्या सकाळच्या बॅचचा बुडबुडा दुपारच्यापेक्षा सावकाश जायचा, कारण थंडीत तेल दाट होतं. दोन्ही बॅचचा वेग आपापल्या जागी एकसमानच होता. त्यावरूनही मुलांची रीडिंगं खोडायला लावलेली मी पाहिली आहेत.