बडोद्यात राहून विमा नियमन आणि हिशेबाचा ॲक्च्युरियल पेपर कसा काढावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.एससी. स्टॅटिस्टिक्स झालं आहे, बडोद्यातूनच एका अमेरिकी विमा कंपनीचं काम करता, गणिताचे पेपर सहज सुटले. पण कॅज्युअल्टी ॲक्च्युरियल सोसायटी या विमागणितज्ञांच्या अमेरिकी संस्थेचा सहावा पेपर, म्हणजे अमेरिकेतलं विमा नियमन आणि वित्तीय अहवाल, दोनदा गेला. पाठ केलेलं ऐनवेळी आठवत नाही. काय करावं?

माझाही हा पेपर पहिल्या वेळी गेला होता आणि कारण तेच होतं. मी दांडिया बाजारातली. स्टॅटिस्टिक्स इथल्याच युनिव्हर्सिटीत केलं. गणितात सूत्र हाताशी असलं की वाट सापडते, या पेपरात नुसते नियम आणि नावं. म्हणून मी वह्या भरभरून पाठ केल्या आणि परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला माहीत होतं ते सगळं लिहून आले. विचारलं होतं एक, उत्तरात होतं दहा, आणि वेळ संपला.

दुसऱ्या वेळी बाबांच्या एका वाक्यामुळे गाडी रुळावर आली. बाबा आयुष्यभर रावपुऱ्यातल्या दुकानांच्या चोपड्या लिहायचे. दुकानदार ‘यंदा धंदा झकास’ म्हणाला की ते विचारायचे, ‘उद्या शटर पाडलं तर सगळ्यांचं देणं देऊन हातात किती उरेल?’ अमेरिकेतल्या विमा नियामकाचा प्रश्नही हाच असतो. वैधानिक हिशेब, म्हणजे ज्याला सॅप म्हणतात, तो याच प्रश्नाचं उत्तर काढण्यासाठी बेतलेला आहे. गॅप, म्हणजे इतर कंपन्यांसारखा सर्वसाधारण हिशेब, हा गुंतवणूकदारासाठी असतो आणि दुकान पुढेही चालणार आहे असं धरून चालतो. या दोन नजरा पक्क्या झाल्या की निम्मा अभ्यासक्रम तर्काने सुटतो.

आपल्या गल्लीच्या तोंडावरचा सेव उसळवाला डोळ्यासमोर आणा. गल्ल्यात रोकड, बँकेत ठेव, चार बाकडी, दोन मोठी पातेली आणि उधारीची वही. धंदा चालू आहे तोवर बाकड्यांना किंमत आहे. उद्या दुकान मोडायचं तर बाकडी भंगारात. गेल्या आठवड्याची उधारी वसूल होईल, पण चार महिन्यांपूर्वीच्या पानावरची नावं? सॅपमध्ये नेमकं हेच होतं. फर्निचर ‘अमान्य मालमत्ता’ धरलं जातं, आणि एजंटांकडे ९० दिवसांहून जास्त थकलेला प्रीमियमही. विमा कंपनी नियामकाला देते त्या वार्षिक विवरणपत्राचं दुसरं पान उघडा. एका रकान्यात मालमत्ता, शेजारी त्यातली अमान्य किती, आणि वजाबाकी करून तिसऱ्यात मान्य मालमत्ता. ही वजाबाकी कशासाठी आहे हे कळलं की यादी पाठ करायची गरज फारशी उरत नाही.

आता आकड्यांचं उदाहरण, कारण मार्क इथेच जातात. समजा १ ऑक्टोबरला १,२०० डॉलरची वर्षभराची पॉलिसी विकली आणि कमिशन वगैरे मिळून २४० डॉलर खर्च आला. पहिल्याच दिवशी सॅपमध्ये पूर्ण १,२०० अनर्जित, म्हणजे अजून न कमावलेला, प्रीमियम म्हणून देण्यात बसतात आणि २४० मात्र लगेच खर्ची पडतात. म्हणजे पॉलिसी विकली आणि कंपनीचा सरप्लस, म्हणजे देणी वजा जाता उरणारी शिल्लक, २४० ने घटला! ३१ डिसेंबरला तीन महिन्यांचे ३०० डॉलर अर्जित झाले. दाव्यांचं प्रमाण ६५ टक्के धरलं तर १९५ गेले. सॅपचा निकाल: ३०० वजा १९५ वजा २४०, म्हणजे १३५ डॉलर तोटा. गॅपमध्ये २४० पैकी तीन महिन्यांचे ६० च खर्ची पडतात, उरलेले १८० पुढे ढकलले जातात. निकाल: ४५ डॉलर नफा. दोन्हींतला फरक बरोबर १८०.

हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करा, मग आकडे बदलून परत करा. जोरात वाढणारी कंपनी कागदावर अडचणीत का दिसते आणि तशा वेळी ती पुनर्विमा, म्हणजे आपल्या जोखमीचा दुसऱ्या कंपनीकडे विमा, का घेते, हे यातून आपोआप उलगडतं. पुनर्विमेदार प्रीमियममधला वाटा घेतो आणि कमिशन परत देतो, त्यामुळे सरप्लसला टेकू मिळतो. मग विवरणपत्रातल्या शेड्यूल एफचं, म्हणजे पुनर्विम्याच्या तक्त्याचं, कामही कळतं. टेकू देणाऱ्याकडूनच पैसे वसूल होत नसतील तर? पुन्हा उधारीची वही, आणि पुन्हा तीच ९० दिवसांची रेघ.

शेड्यूल पी, म्हणजे विवरणपत्रातला दाव्यांचा वर्षवार तक्ता, सगळ्यांना भिववतं. माझा सल्ला, सगळे भाग एकदम डोक्यात घेऊ नका. दुसरा भाग म्हणजे एकूण अंदाजित दावे, तिसरा म्हणजे आजवर चुकते केलेले, चौथा म्हणजे आयबीएनआर (घडलेले पण अजून न नोंदलेले दावे) आणि ठोक तरतूद. दुसऱ्यातून तिसरा आणि चौथा वजा केले की नोंदलेल्या दाव्यांवरची केस तरतूद उरते. एवढं हातात बसलं की एखाद्या अपघात वर्षाचा, म्हणजे त्या वर्षी घडलेल्या अपघातांच्या दाव्यांचा, अंदाज गेल्या वर्षीपेक्षा वाढला का, हे एका ओळीवर बोट फिरवून सांगता येतं. बऱ्याच अमेरिकी कंपन्या आपली विवरणपत्रं संकेतस्थळावर ठेवतात. एक खरं विवरणपत्र उतरवून घ्या आणि त्याच्याच मागे लागा. क्लासच्या नोट्सपेक्षा मला त्याचा जास्त उपयोग झाला.

नियमनाचा इतिहास गोष्टीसारखा वाचा. १८६९ मध्ये पॉल विरुद्ध व्हर्जिनिया खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की विम्याचा करार हा व्यापार नव्हे, म्हणजे नियमन राज्यांकडे. दोनच वर्षांनी, १८७१ मध्ये, राज्यांच्या विमा आयुक्तांची संघटना, म्हणजे आजची एनएआयसी, उभी राहिली. तब्बल ७५ वर्षांनी, १९४४ मध्ये, साउथ-ईस्टर्न अंडररायटर्सच्या खटल्यात न्यायालयाने उलट निकाल दिला: विमा हा आंतरराज्य व्यापारच आहे. राज्यं आणि कंपन्या दोघांचं धाबं दणाणलं आणि १९४५ मध्ये संसदेने मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून नियमन राज्यांकडेच ठेवलं. सालं सुटी सुटी लक्षात राहत नाहीत, पण एका निकालामुळे पुढचं काय घडलं ते कळलं की मागोमाग येतात.

इथे आपल्याकडच्या लोकांची एक खास गफलत होते. आपल्याला हैदराबादचा एकच नियामक आणि सॉल्व्हन्सी १५० टक्के, एवढं डोक्यात बसलेलं असतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा आयुक्त वेगळा, आणि रिस्क बेस्ड कॅपिटलच्या पायऱ्याही वेगळ्या. कंपनीकडचं भांडवल आणि जोखमीनुसार ठरवलेलं भांडवल यांचं गुणोत्तर २०० टक्क्यांखाली आलं की कंपनीने स्वतः सुधारणेचा आराखडा द्यायचा, १५० खाली नियामक लक्ष घालून आदेश देतो, १०० खाली त्याला ताबा घेता येतो, ७० खाली घ्यावाच लागतो. त्यातला १५० आणि आपला १५० यांचा काडीचा संबंध नाही. मी नेमकी इथेच चुकले होते. जोखमी वर्गमुळाखाली का बेरजेला जातात, हेही समजून घ्या: ३ आणि ४ च्या स्वतंत्र जोखमी मिळून ७ होत नाहीत, ५ होतात, कारण सगळी संकटं एकाच वर्षी येत नाहीत.

लिहिण्याबद्दल: प्रश्नातलं क्रियापद आधी अधोरेखित करा. ‘थोडक्यात सांगा’ असेल तर एक-दोन वाक्यं आणि पुढे चला. दोन कारणं मागितली तर दोनच द्या. रात्रपाळी असेल तर शिफ्टनंतर वाचन होत नाही, हे मी करून पाहिलं आहे. मी दुपारी जेवणानंतरचा एक तास फक्त उत्तरं लिहायला ठेवला होता आणि वाचन सुट्टीच्या दिवशी, मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत. घरी पाहुण्यांचा राबता असेल तर तुम्हीही तिथे जा.

या रविवारी एवढंच करा. विवरणपत्राचं दुसरं पान छापून घ्या, अमान्य मालमत्तेचा रकाना कागदाने झाका आणि प्रत्येक ओळीला स्वतःला विचारा, उद्या शटर पाडलं तर हे पैसे हातात येतील का? मग कागद काढून ताडून बघा. ज्या ओळी चुकतील त्या इथे खाली लिहा, मी एकेक करून उत्तर देईन.