४५० मीटर गवत, टोकाला झाडं, विमान कुठलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ४५० मीटरची गवताची स्ट्रिप (छोटी धावपट्टी) आहे, एका टोकाला झाडं, बहुतेक वेळा दोघं जण आणि थोडं सामान, आतापर्यंतचे उड्डाणाचे १४० तास सगळे नोजव्हीलवर (तिसरं चाक नाकाखाली असलेल्या विमानावर), आणि सेकंडहँड सेसना १७२, सुपर कब आणि झेनिथ सीएच ७०१ या छोट्या विमानांत मन अडकलंय. शॉर्ट लँडिंगचे व्हिडिओ बघून कल ७०१ कडे झुकलाय. कल वाईट नाही, पण कारण चुकीचं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ते व्हिडिओ आधी डोक्यातून काढा. अलास्कात वाल्डीझला दरवर्षी मे महिन्यात स्पर्धा होते, तिथं हलकी विमानं दहा-बारा फुटांत थांबलेली आहेत, त्यात खोटं काही नाही. पण तिथं एकटा पायलट, टाकीत घोटभर पेट्रोल, नको ते सगळं काढून टाकलेलं, नाकावर वारा, आणि पायलट असा की वर्षभर तेच करतोय. आणि मुख्य म्हणजे लोक बघतात ते उतरतानाचं. तुमची अडचण उतरायची नाहीच, निघायची आहे.

१७२ चंच घ्या, एन मॉडेल. मॅन्युअलमध्ये पूर्ण वजन, समुद्रसपाटी, १५ डिग्री, वारा नाही, पक्की कोरडी धावपट्टी असं धरून ५० फुटांच्या अडथळ्यावरून येऊन थांबायला १२५० फूट दिलेत, म्हणजे ३८१ मीटर. निघून तेच ५० फूट गाठायला १४४० फूट, म्हणजे ४३९ मीटर. कागदावर दोन्ही ४५० मध्ये बसतात, लोक इथंच फसतात. ब्रिटनच्या सीएएने (तिथलं नागरी विमान वाहतूक प्राधिकरण) छोट्या विमानांसाठी गुणक दिलेत ते लावून बघा. कोरड्या गवतावर टेकऑफला १.२, ओलं असेल तर १.३, दोन टक्के चढ असेल तर १.१, वजन १० टक्के वाढलं तर १.२, आणि सगळं झाल्यावर वर सुरक्षेसाठी १.३३. ही बेरीज नाही, गुणाकार आहे. फक्त कोरडं गवत आणि सुरक्षा धरली तरी ४३९ चे ७०१ मीटर होतात (आकडा नेमका ७०१ यावा हा निव्वळ योगायोग, झेनिथवाल्यांनी खूश होऊ नये). म्हणजे पूर्ण वजनाची १७२ तुमच्या स्ट्रिपवर एकवेळ उतरेल आणि मग तिथंच राहील. थंडीतल्या सकाळी एकट्याने, अर्ध्या टाकीवर निघेल कदाचित, पण त्यासाठी विमान घेत नाही ना आपण.

वर उन्हाळा आहेच. समजा स्ट्रिप २००० फुटांवर आहे आणि पारा ३८ वर. त्या उंचीला स्टँडर्ड तापमान ११, फरक २७ डिग्री, डिग्रीमागे साधारण १२० फूट, म्हणजे विमानाला वाटतंय की आपण ५२०० फुटांवर उभे आहोत. साध्या इंजिनाची ताकद हजार फुटांमागे तीनेक टक्के जाते, प्रॉप (पुढचा पंखा) पातळ हवा ढकलतो, पंखाला तीच लिफ्ट मिळवायला जमिनीवरून जास्त वेगाने पळावं लागतं. तिन्हीकडून मार. विकणारा जो आकडा सांगतो तो नेहमी थंड दिवसाचा असतो.

आता मूळ गोष्ट, वेग. ४० नॉटला उचलणारं विमान आणि ५० नॉटला उचलणारं, फरक दहाचाच दिसतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे तेवढ्याच वजनाला दीडपटीपेक्षा जास्त धक्का द्यावा लागतो आणि उतरल्यावर ब्रेकला तेवढाच जास्त खावा लागतो. म्हणून हॉर्सपॉवरच्या आधी स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाही) बघायचा, आणि तो कमी ठेवायचे रस्ते दोनच, वजन कमी किंवा पंख जास्त कामाचा. ७०१ दोन्ही करतं. पंखाच्या पुढच्या कडेला कायमचे स्लॅट, म्हणजे फट ठेवून बसवलेल्या पट्ट्या आहेत, त्यामुळे नाक भलतंच वर धरलं तरी हवा पंखाला चिकटून राहते. किंमत अशी की ते स्लॅट क्रूझमध्येही (सरळ प्रवासात) तिथंच असतात, ताशी ८० मैलांच्या आसपास जाता, आणि हवा उसळती असली की पाचोळ्यासारखं हलतं. हेलिओ कुरियर किंवा जस्ट कंपनीच्या सुपरस्टोल या विमानांना स्लॅट वेग कमी झाला की आपोआप बाहेर येतात, ते छान, पण यंत्रणा वाढली.

स्लॅटची कल्पना जुनीच आहे, १९३६ च्या श्टोर्ख या जर्मन विमानाला होते. १९४३ मध्ये इटलीतल्या ग्रान सासोच्या डोंगरावरून कैदेतल्या मुसोलिनीला काढलं ते त्याच विमानातून. वर उतरताना काही त्रास नाही, पण परतताना पायलट सोडून आणखी दोन धिप्पाड माणसं बसली आणि ते कड्यावरून उडालं कमी, घसरलं जास्त, खाली दरीत वेग मिळाला म्हणून वाचले. सगळी गोष्ट वजनाची आहे.

७०१ चं वजन मांडू. जास्तीत जास्त ५०० किलो, रिकामं कागदावर २६३ च्या आसपास, उरले २३७. तुम्ही ८५, सोबतचा ७५, ७० लिटर पेट्रोल म्हणजे ५० किलो, बॅग १५, झाले २२५. बसलं! पण घरी बांधलेलं विमान कागदाएवढं हलकं क्वचितच निघतं, कोणी मोठे टायर घातलेत, कोणी जास्तीचा रेडिओ, कोणी रंगाचे तीन हात. २५ किलो वाढले की संपलं.

मी स्वतः हे शिकलो ते दुपारी दोनच्या उन्हात, दोघं जण, टाकी भरलेली, दोन दिवसांपूर्वी पाऊस पडून गेलेला आणि वरून जमीन वाळलेली दिसत होती. फुल थ्रॉटल दिला, विमान पळायला लागलं, पण चाकांचा आवाज खडखडाटाऐवजी पचपच येत होता आणि वेगाचा काटा ३० च्या घरात थरथरत बसलेला. स्ट्रिपच्या मध्यावर मी चुन्याने रंगवलेला एक टायर ठेवलेला असतो. निम्म्या पट्टीत उचलायच्या वेगाच्या ७० टक्के आले नाहीत तर थ्रॉटल मागे, असा नियम, कारण ७० टक्के वेग म्हणजे निम्मी ऊर्जा. टायर बाजूने मागे गेला तेव्हा हवे होते ३१, काटा २८. ओढला. ओल्या गवतावर ब्रेक लावून सरकत सरकत कुंपणाच्या बऱ्याच अलीकडे थांबलो. सोबतचा म्हणाला अजून थोडं थांबायचं होतं, उचललंच असतं. उचललंही असतं, पुढे झाडं होती.

सुपर कब. १५० हॉर्सपॉवर, जास्तीत जास्त वजन १७५० पौंड, साधा मोठा पंख, स्लॅट नाहीत, आणि १९४९ पासून लोक त्याची प्रत्येक खोड ओळखून आहेत. अप्रोचला (उतरायला खाली येताना) ७०१ पेक्षा माफ करणारं. ७०१ हलकं आणि ड्रॅग भरपूर, त्यामुळे थ्रॉटल बंद केला की वेग झपकन जातो, फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) जरा आधी केला की धप्प. लोक मग पॉवरवर लटकवून आणतात, ते चालतं, इंजिन खोकेपर्यंत. कबचा खरा प्रश्न टेलव्हील, म्हणजे तिसरं चाक शेपटीखाली. वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे जरा वाकडं झालं की शेपटीला पुढे यायचं असतं. १४० तास नोजव्हीलवर पाय आळशी झालेले असतात, माझेही झालेले. चांगल्या इन्स्ट्रक्टरसोबत १०-१५ तास द्या, त्यातले निम्मे तरी आडव्या वाऱ्यात. जुना कब घेताना पंखाचे स्ट्रट (आधाराचे दांडे) आतून गंजलेत का, शेपटीकडच्या खालच्या स्टीलच्या नळ्या आणि कापडाची ताकद हे मेकॅनिककडून तपासून घ्या, चकचकीत रंगाला भुलू नका.

तुमच्या यादीत नसलेलं एक सुचवतो, किटफॉक्स. शेजारी-शेजारी दोघं, पंख घडी होतात, नोजव्हील आणि टेलव्हील दोन्ही प्रकारात मिळतं, आणि क्रूझला ७०१ सारखी चिडचिड नाही. मौल वगैरे चार सीटवाल्यांच्या मागे लागू नका, सीट असली की माणूस बसतोच.

मी तुमच्या जागी असतो तर १७२ आजच खोडलं असतं, दोघांचं वजन खरंच १६० च्या आत असेल आणि तासाभराच्याच चकरा असतील तर ७०१, लांब जायचं असेल तर किटफॉक्स, आणि टेलव्हील शिकायची हौस असेल तर कब. कुठलंही घ्या, प्रॉप क्लाइंबचा (चढायला जोर देणारा) बसवलाय का क्रूझचा (प्रवासात वेग देणारा) हे विचारा, तेवढ्यानेच टेकऑफ बराच बदलतो. आणि विकणाऱ्याने वजन ‘साधारण एवढं’ सांगितलं तर तिन्ही चाकं काट्यावर चढवायला लावा, तुमच्यासमोर.

स्ट्रिपची उंची आणि चढ कुठल्या बाजूला ते लिहिलेलं नाहीये. तेवढं कळवा, मग झाडांच्या दिशेने निघायचं का उलट ते बघू.