कंट्रोल-झेड दाबलं आणि व्हिम 'गेला'

प्रश्न असा होता: कॉलेजच्या सामाईक लिनक्स सर्व्हरवर मुलं एक्झिट टाइप करतात, 'देअर आर स्टॉप्ड जॉब्ज' (काही प्रोग्रॅम अर्धवट थांबलेले आहेत) असं येतं, मग ती गोंधळतात. त्यांना काय शिकवायचं?

आधी हे का होतं ते बघा. ही मुलं नोटपॅड आणि वर्डवर वाढलेली. चूक झाली की बोटं आपोआप कंट्रोल-झेडवर जातात. व्हिम या टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये अन्डू म्हणजे नुसतं यू. कंट्रोल-झेडने व्हिम आहे तिथेच थांबतो आणि प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची ओळ, परत येतो. मुलाला वाटतं, बंद पडला. तो तीच फाईल पुन्हा उघडतो. मी एका लॅबमध्ये मदतीला बसायचो, तेव्हा एका मुलीच्या लॉगिनमध्ये एकाच सी प्रोग्रॅमवर सात व्हिम थांबलेले सापडले. स्वॅप फाईलची (सेव्ह न केलेला मजकूर व्हिम जिथे तात्पुरता ठेवतो ती) लांबलचक सूचना दर वेळी यायची आणि ती मुलगी सूचना न वाचता ई ('तरीही उघड') दाबून पुढे जायची. (मीही पहिल्या वर्षी तेच केलं होतं.)

अशा वेळी कीबोर्ड आपल्याकडे ओढू नका, तिलाच जॉब्ज टाइप करायला लावा. थांबलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमचा क्रमांक, स्थिती आणि कमांड दिसते. अधिक चिन्ह ज्याच्यापुढे, तो नुसत्या एफजी (फोरग्राउंड) कमांडने पुढे येतो. बाकीच्यांसाठी एफजी %३ असं. एकेक उघडून बघायचं, हवा तो मजकूर सेव्ह करायचा, उरलेले कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह देऊन सेव्ह न करता सोडायचे. बीजी (बॅकग्राउंड, म्हणजे मागे चालू ठेवणं) इथे कामाचं नाही, कारण कीबोर्ड मागणारा प्रोग्रॅम मागे पाठवला की लगेच पुन्हा थांबतो. लांबलचक कंपाइलला ते ठीक.

जॉब्ज फक्त त्याच शेलपुरतं, म्हणजे कमांड घेणाऱ्या त्याच खिडकीपुरतं, सांगतं. दुसऱ्या खिडकीतून बघितलं तर काहीच दिसत नाही. तिथे पीएस (चालू प्रोसेसची यादी) चालवून स्थितीच्या रकान्यात टी, म्हणजे थांबलेली, शोधा. तिथून नुसतं किल दिलं तरी प्रोसेस हलत नाही, कारण थांबलेल्या प्रोसेसला तो 'बंद हो' सिग्नल जागं झाल्यावरच पोचतो. त्यामागोमाग प्रोसेसला जागं करणारं किल -कॉन्ट द्या. बरेच सीनियर इथे थेट किल -९, म्हणजे जबरदस्तीने बंद करणं, ठोकतात. मी नवख्यांना ते शिकवत नाही: व्हिम स्वॅपमध्ये साधारण २०० अक्षरांनी किंवा ४ सेकंद हात थांबल्यावर लिहितो, त्यामुळे शेवटचं थोडं जाऊ शकतं.

'थांबलंय ना, मग राहू दे' हेही नको. गॅस बंद असला तरी पातेलं शेगडीवरच असतं. सीपीयू मोकळा, पण मेमरी अडकलेली. एखाद्याने मोठा डेटा भरलेलं पायथन असंच सोडलं, की बाकीच्यांना त्रास.

स्क्रीन नुसतीच गोठली असेल तर ते कंट्रोल-एसचं काम, कंट्रोल-क्यूने सुटतं.

आणि तुमच्याकडे रूट (सर्व्हरचे पूर्ण अधिकार) असेल तर नव्या खात्यांच्या बॅशआरसी या शेलच्या सेटिंग फाईलमध्ये प्रॉम्प्टला बॅकस्लॅश-जे जोडून द्या. मग प्रॉम्प्टमध्येच जॉब्जचा आकडा दिसत राहतो. आमच्याकडे तो शून्याचा एक झाला की मुलंच विचारायला लागली, "सर, हा एक कुठून आला?"