पातं हललं तरच हात वर जातो

प्रश्न : हात सरळ डोक्यावर नेताना कोणता स्नायू काम करतो? जिममध्ये सगळे डेल्टॉइडचं नाव घेतात.

खांद्याला गोलाई देणारा डेल्टॉइड काम करतो हे खरं, पण तो एकटा हात डोक्यापर्यंत नेऊ शकत नाही. हात पूर्ण वर नेणं म्हणजे साधारण १८० अंशांची हालचाल. त्यातले सुमारे १२० अंश दंडाचं हाड आणि पात्याची, म्हणजे खांद्यामागच्या तिकोनी सपाट हाडाची, खोबण यांच्या सांध्यात होतात. उरलेले साठेक अंश पातं स्वतः बरगड्यांवरून फिरून देतं. खांद्याच्या व्यायामात पात्याला सगळ्यात कमी महत्त्व दिलं जातं, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींची सुरुवात तिथेच असते.

डेल्टॉइडचे तीन भाग आहेत. पुढचा कॉलर बोनवरून, मधला पात्याच्या बाहेरच्या टोकावरून आणि मागचा पात्याच्या मागच्या आडव्या कंगोऱ्यावरून निघतो. तिघेही दंडाच्या हाडावर एकाच जागी येऊन चिकटतात. पुढचा भाग हात पुढे नेतो, मधला बाजूला, मागचा मागे. पण बाजूला उचलायला सुरुवात करताना डेल्टॉइड दंडाचं हाड वरच्या दिशेनेही ओढतो. खोबण उथळ आहे, हाडाच्या गोल माथ्याचा जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा तिला टेकलेला असतो. म्हणून सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे चार लहान स्नायू तो माथा खोबणीत दाबून धरतात. यांनाच रोटेटर कफ म्हणतात. पहिले काही अंश फक्त सुप्रास्पायनेटस उचलतो आणि मग डेल्टॉइड सूत्रं हाती घेतो, असं पूर्वी शिकवलं जायचं. स्नायूंमधल्या विद्युत हालचालींच्या नोंदींत मात्र दोघेही सुरुवातीपासूनच कामाला लागलेले दिसतात.

प्रश्न : छातीच्या मधल्या रेघेजवळचा भाग भरत नाही. ‘इनर चेस्ट’साठी वेगळा व्यायाम आहे का?

नाही. छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, कॉलर बोनवरून आणि छातीच्या मधल्या हाडावरून निघून थेट दंडाच्या हाडापर्यंत जातो. त्याचे तंतू आडवे धावतात. एखाद्या तंतूचा आतला अर्धा भाग तेवढा आकसायला लावणं शक्य नाही. मधली रेघ कशी दिसते ते बरंचसं जन्मजात ठेवणीवर आणि चरबीवर ठरतं.

वरचा आणि खालचा भाग मात्र खरोखर वेगळे आहेत. कॉलर बोनवरचा भाग हात समोर वर उचलतो. मधल्या हाडाचा भाग वर असलेला हात खाली ओढतो. दोघे मिळून हात छातीसमोर आणतात आणि आतल्या बाजूला वळवतात. म्हणून बाक ३० ते ४५ अंश तिरपा केला की वरच्या भागावर भार येतो. त्याहून उभा केला तर काम डेल्टॉइडच्या पुढच्या भागाकडे सरकतं.

बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं पडून वजनाचा बार वर ढकलण्याचा व्यायाम, करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. दंडाजवळ पोचताना या स्नायूचे तंतू पिळ्यासारखे वळतात, आणि सर्वांत खालचे तंतू हाडावर सर्वांत वर चिकटतात. बार छातीला टेकायला आला की ताण सगळ्यात जास्त याच तंतूंवर पडतो. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा फाटण्याच्या घटना बहुधा वजन खाली उतरवतानाच होतात. म्हणून बार आदळू देऊ नका, छातीवरून उसळवू नका.

प्रश्न : भिंतीला हात लावून ढकललं की माझं उजवं पातं पाठीतून बाहेर येतं. दुखत नाही. दुर्लक्ष करू का?

करू नका. पात्याला बरगड्यांशी चिकटवून ठेवणारा स्नायू म्हणजे सेरॅटस अँटेरियर. वरच्या आठ-नऊ बरगड्यांवरून निघून तो पात्याच्या खालून जातो आणि त्याच्या आतल्या कडेला धरतो. त्याला चालवणारी लाँग थोरॅसिक नस छातीच्या बाजूने बरीच उघडी जाते. जड पाठपिशवी, खेळातली ओढ किंवा काखेतली शस्त्रक्रिया यांनी ती दुखावू शकते. हा स्नायू मानेपासून पाठीपर्यंत पसरलेल्या ट्रॅपिझियसच्या वरच्या आणि खालच्या भागांसह पातं वरच्या दिशेला फिरवतो. तो थंडावला तर हात डोक्यावर नेणं जड जातं. आधी डॉक्टरांकडून नस तपासून घ्या. नुसता अशक्तपणा असेल तर भिंतीवरचे पुश-अप उपयोगी पडतात. शेवटी कोपर सरळ झाल्यावर पाठ थोडी आणखी मागे ढकला, कारण सेरॅटसचं खरं काम त्या शेवटच्या टप्प्यात होतं.

प्रश्न : खांदे पुढे झुकलेत. दाराच्या चौकटीत हात अडकवून छाती ताणतो, तरी फरक नाही.

तुम्ही बहुधा मोठाच स्नायू ताणताय. त्याच्याखालचा पेक्टोरॅलिस मायनर तिसऱ्या ते पाचव्या बरगडीवरून निघून पात्याच्या पुढच्या टोकाला चिकटतो. दंडाच्या हाडाला तो लागतच नाही. त्याला ताणायचं तर पातं मागे जायला हवं. दंडाचा माथा पुढे ढकलला जात असेल तर सांध्याच्या पुढच्या आवरणालाच ओढ बसते. हात खांद्यापेक्षा जरा वर ठेवा, आधी पातं मागे घ्या, मग अंग पुढे झुकवा.

प्रश्न : हात वर जात नाही. फ्रोझन शोल्डर आहे की स्नायू फाटलाय, हे घरी कळतं का?

अंदाज येतो. कोपर अंगाशी ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तुमचा हात बाहेर वळवायला सांगा. त्यांनाही तो वळत नसेल, तर सांधा आखडलेला असण्याची शक्यता जास्त. त्यांनी उचललेला हात वर जातो पण तुम्हाला स्वतःला उचलता येत नाही, असं असेल तर रोटेटर कफ फाटल्याची शंका घ्यावी. सांध्याची झीज आणि मागे निखळलेला खांदाही हात बाहेर वळू देत नाहीत, म्हणून एक्स-रे टाळू नका.