अमेरिकेतल्या २०२४ च्या फॉल सीझनमधल्या नव्या मालिकांपैकी कोणत्या बघण्यासारख्या आहेत?

तुम्ही लिहिलं आहे की नुकतेच अमेरिकेत आला आहात, ऑफिसात जो तो नव्या मालिकांबद्दल बोलतो, आणि तुमच्या हाताशी आठवड्याचे जेमतेम दोन-तीन तास आहेत. मी समीक्षक नाही. रात्रीची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला की टीव्हीसमोर बसणारी प्रेक्षक आहे. पण सप्टेंबरपासून नव्यातलं बरंच काही बघितलंय आणि माझं मत पक्कं आहे. एकच मालिका बघणार असाल तर ‘मॅटलॉक’ बघा. आणखी एका मालिकेला वेळ निघाला तर ‘हाय पोटेन्शियल’.

आधी थोडं या फॉल म्हणजे शरदातल्या मोसमाबद्दल. इथल्या मोठ्या वाहिन्या, म्हणजे एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स, वर्षानुवर्षं सप्टेंबरच्या शेवटी नव्या मालिका सुरू करून मे महिन्यापर्यंत चालवत आल्या आहेत. उन्हाळ्यात लोक बाहेर असतात. शाळा सुरू झाल्या, दिवस लहान झाले की घरी परततात. मोटार कंपन्यांची नवी मॉडेलंही पूर्वी याच सुमारास यायची, त्यामुळे जाहिरातींचा पैसा तयार असायचा. मध्येच हे चक्र अडलं होतं. २०२३ मध्ये लेखकांचा संप १४८ दिवस चालला आणि नटांचा ११८ दिवस, त्यामुळे फॉलमध्ये मुख्यतः रिॲलिटी शो आणि जुन्या भागांवर भागवावं लागलं. २०२४ च्या मोसमात पटकथेवर चालणाऱ्या गोष्टी परत आल्या आहेत, आणि दर आठवड्याला एक प्रकरण उभं करून त्याच भागात निकाली काढायची जुनी पद्धतही जोमाने परतली आहे. मला ती मनापासून आवडते. दहा भाग एका दमात संपवायचे आणि महिन्याभरात विसरून जायचे, याचा मला कंटाळा आला होता.

आता ‘मॅटलॉक’. याच नावाची अँडी ग्रिफिथची वकिली मालिका १९८६ ते १९९५ या काळात गाजली होती. ती बघितली नसली तरी काही अडत नाही, नव्या मालिकेत त्या नावाचा उल्लेख गमतीने येतो, तेवढाच संबंध. कॅथी बेट्स यात मॅटी मॅटलॉक नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या वकीलबाई आहेत. नवरा गेलाय, पैशाची चणचण आहे, नातवाला सांभाळायचं आहे, म्हणून इतक्या वर्षांनी पुन्हा नोकरी हवी, असं सांगत त्या न्यूयॉर्कच्या एका बड्या लॉ फर्ममध्ये शिरतात. म्हाताऱ्या बाईकडे कोणाचं लक्ष नसतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि त्या तेच हत्यारासारखं वापरतात. कोणाशी गोड बोलून माहिती काढतील, कोणाला खिशातली गोळी-चॉकलेट देऊन आपलंसं करतील. समोरच्याला वाटतं आजीबाई भोळ्या आहेत.

पहिल्या भागाच्या शेवटी जे उघड होतं ते मी इथे सांगतेय. नको असेल तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडून द्या. या बाई गरीब नाहीत, त्यांचा नवरा हयात आहे, आणि त्यांचं आडनावही मॅटलॉक नाही. त्यांची मुलगी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक, गोळ्यांच्या व्यसनाने गेली आहे. त्या गोळ्या वर्षानुवर्षं आधी बाजारातून हटल्या असत्या अशी कागदपत्रं याच फर्ममधल्या कोणीतरी दडवली, असा त्यांचा संशय आहे, आणि ती व्यक्ती शोधायला त्या आल्या आहेत. इथे नव्याने आलेल्या माणसाला या प्रश्नाची खोली पटकन कळत नाही, म्हणून सांगते. २०२२ या एका वर्षात अमेरिकेत एक लाखाहून जास्त माणसं अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मेली, आणि त्यातली बहुसंख्य ओपिऑइडमुळे. याची सुरुवात कित्येक घरांत डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांपासून झाली. त्यामुळे बेट्सबाई घरी येऊन नवऱ्याशी बोलताना चेहऱ्यावरचं ते लाघवी हसू उतरवतात, तेव्हा अंगावर काटा येतो. २०२४ मध्ये त्यांचं वय ७६ होतं. या वयाच्या अभिनेत्रीला कोणाची तरी आई किंवा आजी न ठेवता पूर्ण मालिकेचा भार दिला, ही मला या मोसमातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

आणखी एक. फर्ममधली मॅटीची वरिष्ठ ऑलिंपिया (स्काय मार्शल) ही स्वतः संशयितांपैकी एक आहे, आणि मॅटीला ती हळूहळू आवडू लागते. दर आठवड्याचा खटला ठीकठाक असतो, एखादा तर फारच सोपा. पण या दोघी एका खोलीत आल्या की मी फोन बाजूला ठेवते. माझी आई सध्या भारतातून आमच्याकडे आली आहे, तिला इथले उच्चार भरभर कळत नाहीत. सबटायटल लावून तीही बघते, आणि पुढचा गुरुवार कधी, हे मला तीच विचारते.

‘हाय पोटेन्शियल’ मुळात एका फ्रेंच मालिकेवरून घेतली आहे. मॉर्गन ही तीन मुलांची आई, बुद्ध्यांक १६०, आणि काम लॉस एंजेलिस पोलिसांच्या कचेरीत रात्रीची साफसफाई. फायली धक्क्याने पडतात, ती उचलताना तिला तपासातली चूक दिसते आणि फळ्यावर ती दुरुस्ती करून मोकळी होते. पुढे पोलिस तिला सल्लागार म्हणून घेतात. गुन्हे तसे हलकेफुलके आहेत, रक्तपात फारसा नाही. मुख्य भूमिकेतली केटलिन ओल्सन मात्र अफलातून आहे. हुशार माणूस म्हणजे तुसडा आणि माणूसघाणा असं पडद्यावर बघून बघून वीट आला होता. मॉर्गन बडबडी आहे, भडक कपडे घालते, पाळणाघराच्या वेळेवरून वरिष्ठांशी भांडते. तिचा पहिला जोडीदार पंधरा वर्षांपूर्वी बेपत्ता झाला, तो धागा हळूहळू पुढे सरकतो. मुलं जागी असताना लावता येईल अशी नव्यातली मला हीच सापडली.

डॉक्टरी मालिका दोन आहेत. ‘ब्रिलियंट माइंड्स’ ही ऑलिव्हर सॅक्स या मेंदूविकारतज्ज्ञाच्या आयुष्यावरून आणि लेखनावरून सुचलेली. सॅक्सना माणसांचे चेहरे ओळखता येत नसत, तसंच यातल्या डॉ. वुल्फलाही येत नाहीत (झॅकरी क्विंटो). पहिल्याच भागात तो अल्झायमर झालेल्या आजोबांना रुग्णालयातून गुपचूप नातीच्या लग्नाला नेतो. तो प्रसंग फार सुरेख झालाय. रुग्णांच्या गोष्टींत खरी उत्सुकता आहे, माणसाचा मेंदू काय काय करू शकतो याचं नवल वाटत राहतं. डॉक्टरच्या स्वतःच्या दुःखाचा पाढा मात्र जरा जास्तच वाचला जातो. तुम्हाला या विषयाची आवड असेल तरच वेळ काढा. ‘डॉक्टर ओडिसी’ क्रूझवर घडते. समुद्र निळाशार, माणसं देखणी, आणि दर आठवड्याला कोणाला तरी अचाट आजार. मला ती तिसऱ्या भागापुढे बघवली नाही. एवढ्या लखलखाटात एकाही रुग्णाची काळजी वाटेना.

विनोदी मालिकांत ‘सेंट डेनिस मेडिकल’ १२ नोव्हेंबर २०२४ ला सुरू झाली. ऑरेगनमधलं एक लहान रुग्णालय, माणसं कमी, पैसा कमी, कॅमेऱ्याकडे बघून बोलणारे डॉक्टर आणि नर्स. हे लिहिताना सुरुवातच आहे, पण डेव्हिड ॲलन ग्रिअरचा थकलेला जुना डॉक्टर मला पहिल्याच दिवशी आवडला. ‘जॉर्जी अँड मॅंडीज फर्स्ट मॅरेज’ बघताना मन खट्टू झालं. ‘यंग शेल्डन’ ही मालिका मे २०२४ मध्ये संपली, तिच्यातला शेल्डनचा थोरला भाऊ जॉर्जी इथे घरजावई होऊन सासऱ्यांच्या टायरच्या दुकानात राबतोय. सासूला तो पसंत नाही. गोष्ट छान आहे, नटही चांगले आहेत. पण आधीच्या मालिकेत शांतता असायची आणि इथे दर वाक्यावर प्रेक्षकांचं हसू येतं, ते मला टोचतं. त्याच संध्याकाळी लगेच पुढे ‘घोस्ट्स’ लागते, ती नवी नाही, २०२४ मध्ये तिचं चौथं वर्ष होतं, पण तुम्ही बघितली नसेल तर जरूर बघा. बायकोला घरातली भुतं दिसतात आणि नवऱ्याला दिसत नाहीत. तो नवरा म्हणजे आपला उत्कर्ष आंबुडकर, आणि न दिसणाऱ्या मंडळींशी तो ज्या अदबीने बोलतो त्याला तोड नाही.

आता बघायचं कसं. केबलचं महागडं पॅकेज लगेच घेऊ नका. या चारही वाहिन्या हवेतून फुकट मिळतात. दुकानात साधा घरगुती अँटेना मिळतो, तो खिडकीजवळ लावून टीव्हीवर चॅनल स्कॅन करा. ‘मॅटलॉक’ आणि ‘डॉक्टर ओडिसी’ दोन्ही २०२४ मध्ये गुरुवारी रात्री नऊलाच लागत होत्या (पूर्व किनाऱ्यावरची वेळ), पण त्याने बिघडत नव्हतं. सीबीएसच्या मालिका दुसऱ्या दिवशी पॅरामाउंट प्लस या स्ट्रीमिंग सेवेवर येतात, एबीसी आणि फॉक्सच्या हुलूवर, एनबीसीच्या पीकॉकवर. एका वेळी एकच वर्गणी भरा. तासाच्या मालिकेतला जाहिरातींचा वेळ काढला तर गोष्ट पाऊण तासाहून कमीच असते, तेव्हा तुमच्या दोन-तीन तासांत दोन मालिका आणि एखादी विनोदी सहज बसेल. डिसेंबरात बहुतेक मालिका सुट्टीवर जातात आणि नव्या वर्षात परत येतात. तुम्ही उशिरा सुरुवात करताय म्हणून घाई करू नका, मागचे भाग गाठायला तेव्हा भरपूर सवड मिळेल.